पापड हातात, गोळ्या खाली

पवनारवरून आम्ही बोलतो आहोत. चुलीवर भात ठेवून ऐकत असाल तर ऐकता ऐकता एक डोळा तिकडेही असू द्या, आमचं बोलणं जरा लांबणार आहे.

मागच्या फेब्रुवारीत आमच्या गटातल्या नऊ जणी श्रीलंकेला जाऊन आलो. आठ दिवस. आल्यापासून आजूबाजूच्या गावांतल्या गटांचे फोन येतात. कोणी विचारतं किती खर्च आला, कोणी विचारतं समुद्र कसा दिसतो. पण सगळ्यात जास्त प्रश्न एकच, "ताई, सोबत काय काय न्यायचं?" म्हणून आज बॅगेबद्दलच बोलायचं ठरवलं. यात आमच्या चुकाही सांगणार आहोत. एक चूक तर चांगलीच महागात पडली असती.

आधी पैशाचं सांगून टाकतो, म्हणजे मनात किंतू राहायला नको. गटाच्या कर्जातला एक रुपयाही यात नाही. सहलीसाठी पाच वर्षं आमची वेगळी पेटी होती. कोणी महिन्याला टाकायची, कोणी कापूस-सोयाबीन विकल्यावर एकदम. दोघींना मधे मुलीच्या लग्नासाठी पैसे काढावे लागले, त्यांनी ते परत भरले. श्रीलंकाच का? तर आमच्यात चार जणी बौद्ध आहेत. त्यांना अनुराधपूरचा बोधिवृक्ष पाहायचा होता. सम्राट अशोकाची लेक संघमित्रा समुद्रातून ज्याची फांदी घेऊन गेली, तोच तो पिंपळ. बाकी पाच जणींना समुद्र पाहायचा होता, विमानात बसायचं होतं, आणि खरं सांगायचं तर आठ दिवस स्वयंपाक करायचा नव्हता.

तर बॅग. निघायच्या आधी आमच्याकडे सामानाच्या दोन याद्या झाल्या. एक आपल्या बॅगेची, आणि दुसरी घरी काय करून ठेवायचं त्याची. दुसरी यादी पहिलीच्या तिप्पट होती. पीठ दळून ठेवा, तिखट कांडून ठेवा, जवसाची चटणी, म्हशीची ढेप, सासऱ्यांच्या गोळ्या वारांप्रमाणे वेगवेगळ्या पुड्यांत, लेकराचा गणवेश. निघायच्या आदल्या रात्री अकरा वाजता आमच्यातल्या सहा जणींची स्वतःची बॅग रिकामीच होती. मग जे हाताला लागलं ते कोंबलं. पुढे जे झालं त्याचं मूळ या रात्रीत आहे. म्हणून पहिलं सांगणं हे, की आपली बॅग चार दिवस आधी भरा आणि घरचं नंतर करा. घरच्यांना हात आहेत.

आता हवामान समजून घ्या, कारण सगळे कपडे त्यावर ठरतात. आपल्याला वाटतं, उन्हाचं आपल्याला कोण काय शिकवणार? वर्ध्याचा मे महिना काढलेल्या बाया आपण. पण आपलं ऊन कोरडं आहे. घाम येतो आणि उडून जातो. दोरीवर टाकलेलं लुगडं तासाभरात खडखडीत वाळतं. बेटावरचं ऊन ओलं असतं. चहूकडून समुद्र, हवेत पाणी भरलेलं. पारा आपल्यापेक्षा दहा-बारा अंशांनी कमी, पण घाम उडतच नाही, अंगावरच राहतो. रात्री धुतलेला सुती परकर सकाळी ओला, दुसऱ्या दिवशी दमट, तिसऱ्या दिवशी वास मारतो. आम्ही "सुती तेच बरं" म्हणून जाड सुती साड्या नेल्या होत्या. कोलंबोजवळच्या समुद्रकाठच्या खोलीत नऊ साड्या पंख्याखाली लटकलेल्या, आणि आम्ही खाली बसून वाट पाहतो आहोत, असा पहिला दिवस गेला.

म्हणून पातळ कापड न्या. विरळ सुती चालेल, सुती-पॉलिस्टर मिसळलेलं त्याहून बरं, कारण ते एका रात्रीत वाळतं. आठ दिवसांना चार जोड पुरतात, दोन अंगावर-बॅगेत आणि दोन वाळत. ज्यांना सलवार-कमीज चालतो त्यांनी तोच न्यावा. आमच्यातल्या एका मावशींनी जन्मात साडीशिवाय काही घातलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी सुनेच्या वयाच्या मुलीचा कमीज मागून घातला आणि घरी येईपर्यंत परत केला नाही. जाड टॉवेल तर अजिबात नको. साधा पंचा न्या. अंग पुसायला, डोक्यावर घ्यायला, बसमध्ये खिडकीला लावायला, सगळ्याला एकच.

परकराबद्दल दोन शब्द जास्त बोलतो, कारण हे कोणी रेडिओवर बोलत नाही. घामाने भिजलेली नाडी कमरेला करकचून बांधून दिवसभर चाललं की कातडी सोलते. २०२४ साली आपल्या वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी मिळून यावर लिहिलं होतं. वर्षानुवर्षं घट्ट नाडीने एकाच जागी घासून जखम झाली आणि शेवटी तिथे कर्करोग झाला, अशा दोन बायांची हकिगत त्यात होती. घाबरायचं कारण नाही, पण रुंद पट्ट्याचा परकर शिवून घ्या आणि नाडी सैल बांधा. मांड्या घासतात त्यांनी आतून पातळ अर्धी पँट घालावी, नाहीतर निघताना खोबरेल तेल लावावं. आमच्यातल्या तिघींना दुसऱ्या दिवशी चालता येईना, आणि लाजेने कोणी बोलेना. रात्री एकीने तोंड उघडलं तर कळलं की तिघींचंही तेच.

पाळीचंही तसंच. कापड वापरणाऱ्यांनी या प्रवासापुरते तरी पॅड न्यावेत, कारण तिथे कापड वाळणार नाही आणि ओलं कापड वापरलं की खाज-जखम ठरलेली. तारीख जवळ आली म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेऊ नका. ज्यांना बीपी आहे, अर्धशिशी आहे, पायात रक्ताची गाठ झाली होती, त्यांना त्या गोळ्यांनी त्रास होऊ शकतो. डॉक्टरांना विचारूनच घ्या.

पाऊस केव्हा, तेही बघून जा. आपल्याकडे एकच पावसाळा. श्रीलंकेत दोन. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा, तो कोलंबोच्या बाजूला आणि डोंगरात पडतो. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचा, तो उत्तरेला आणि पूर्वेला. मधल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तर कुठेही कोसळतो. आम्ही वेचणी आणि तूर आटोपून फेब्रुवारीत गेलो, तरी कँडीत एक दुपार भिजलोच. छत्री लहान, घडीची न्या. ती उन्हालाही लागते. आणि बेट म्हणजे सगळीकडे गरम, हा समज काढून टाका. नुवारा एलिया म्हणून डोंगरातलं गाव आहे, उंची १,८०० मीटरच्या वर. चिखलदऱ्यापेक्षाही बरंच उंच. फेब्रुवारीतल्या सकाळी तिथे आमचे दात वाजले. नऊ जणींत स्वेटर दोनच. आम्ही हॉटेलच्या चादरी पांघरून चहाचे मळे पाहिले. तिथल्या मळ्यात पाती खुडणाऱ्या बायाही आमच्याकडे पाहून हसत होत्या. एक पातळ स्वेटर किंवा शाल नक्की घ्या, विमानातही लागते.

आता देवळांसाठीचं. तिथे विहारात जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, चपला आणि टोपी बाहेर. लोक पांढरे कपडे घालून येतात. आमच्या बौद्ध भगिनींकडे पांढरी साडी होतीच, बाकीच्यांनी एक पांढरी ओढणी घेतली. दुपारी अनुराधपूरच्या स्तूपाभोवतीची फरशी आणि वाळू इतकी तापते की अनवाणी पाय ठेववत नाही. पांढरे मोजे न्या. मोजे घातलेले चालतात. आणि चपला अशा न्या की वाकल्याशिवाय काढता-घालता येतील. दिवसातून दहा वेळा काढाव्या लागतात. नव्या चपला घेऊ नका, जुन्या सवयीच्याच न्या.

एक फार महत्त्वाचं. आपल्याकडे बुद्धाचा चेहरा छापलेल्या पिशव्या, शाली, कुर्ते सर्रास मिळतात. दीक्षाभूमीवर जयंतीला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आपण प्रेमाने घेतो. श्रीलंकेत तो अपमान समजतात. २०१४ साली दंडावर बुद्ध गोंदलेल्या एका ब्रिटिश बाईला त्यांनी विमानतळावरूनच पकडून परत पाठवलं होतं. आमच्या एका ताईच्या खांद्यावरच्या शबनम पिशवीवर बुद्धाचं चित्र होतं. आमच्या गाडीच्या चालकाने पहिल्याच दिवशी हळूच सांगितलं. ताईंना वाईट वाटलं, "अवं बाई, मी तर श्रद्धेनं आणली," म्हणाल्या. मग पिशवी उलटी करून वापरली. मूर्तीकडे पाठ करून फोटोही काढायचा नाही. आपला फोन समोर धरून स्वतःचा फोटो काढायची सवय झालेल्यांनी हे लक्षात ठेवा.

खाण्याचं आता. आम्ही काय नेलं नाही ते विचारा! चिवडा, जवसाची आणि शेंगदाण्याची चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या, लोणचं, आपल्या वर्ध्याचा गोरसपाक, आणि आमच्या गटाचे उडदाचे पापड दोन किलो. का, तर तिथल्या लोकांना द्यायला. एकीने चटणीसाठी सुक्या खोबऱ्याच्या वाट्या घेतल्या होत्या. तर ऐका, २०२२ पासून आपल्या विमानतळांवर वजन करून आत देतो त्या बॅगेत सुक्या खोबऱ्याला मनाई आहे. त्यात तेल असतं आणि ते पेट घेऊ शकतं म्हणून. वाट्या चेन्नईला टाकून द्याव्या लागल्या. नारळाच्या देशात खोबरं न्यायला निघाली होती, म्हणून तिला अजूनही चिडवतो.

तिथे जेवण भाताचंच. भात आणि भोवती चार-पाच भाज्या, सगळ्यात नारळाचं दूध. सकाळी तांदळाच्या शेवयांच्या चकत्या मिळतात आणि सोबत ओल्या नारळाची लाल चटणी. ती चटणी शाकाहारी दिसते, पण बहुतेक वेळा तिच्यात वाळलेल्या मासळीचा चुरा असतो. माळकरी असाल तर विचारूनच खा. तिखट खाणाऱ्या वऱ्हाडी जिभेला ते जेवण आवडतं, त्यामुळे नेलेल्यातलं निम्मं आम्ही परत आणलं. दोन दिवसांचा सुका फराळ आणि एक चटणी, इतकंच बास.

विमानाचे नियम एका दमात सांगतो. वरच्या बॅगेत, म्हणजे हातात नेतो तिच्यात, आम्हाला ७ किलो चालत होते. खाली देतो तिचं वजन तिकिटावर लिहिलेलं असतं, ते आधीच वाचा. पाणी, तेल, शॅम्पू, लोणचं असं ओलं काही हातातल्या बॅगेत १०० मिलीपेक्षा मोठ्या बाटलीत चालत नाही. सुरी, अडकित्ता, कात्री खालच्या बॅगेत. मोबाइलची पॉवर बँक मात्र हातातच ठेवायची, खाली चालत नाही. काडेपेटी नेऊच नका. उदबत्तीसोबत सवयीने जाते, आमच्याकडून तीन काढून घेतल्या. वजन घरीच करा. आम्ही कापूस मोजायच्या काट्याला बॅगा लटकवल्या. मजुरीच्या दिवशी एक किलो इकडे-तिकडे होऊ न देणाऱ्या बाया आम्ही, काटा बरोबर होता. पण काटा झाल्यावर रात्रीतून प्रत्येकीने "एवढंसं" म्हणून आणखी काहीतरी कोंबलं.

आणि इथे ती गोष्ट येते.

सेवाग्राम स्टेशनवरून चेन्नईची गाडी, तिथून दुसऱ्या दिवशी कोलंबोचं विमान. चेन्नईच्या विमानतळावर आमच्यापैकी तिघींची हातातली पिशवी जड भरली. काउंटरवर मागे रांग, पुढची मुलगी इंग्रजीत घाई करते आहे. आम्ही तिथेच फरशीवर बॅगा उघडल्या. पापड खालच्या बॅगेत दाबून मोडतील म्हणून पापड हातात ठेवले. मग हातातलं काय काढायचं? आमच्यातल्या ज्येष्ठ, चौसष्ट वर्षांच्या काकू. त्यांच्या पिशवीत एक जड डबा होता. त्यात त्यांची तेलाची बाटली, चष्म्याची डबी, आणि शुगर-बीपीच्या गोळ्यांची पिशवी. तो डबा आम्ही उचलून खालच्या बॅगेत टाकला. काकूंना विचारलंही नाही. मैत्रिणींनो, आज माईक जिच्या हातात आहे, तिच्याच हाताने तो डबा खाली गेला.

कोलंबोला उतरलो. आठ बॅगा आल्या, काकूंची आली नाही. पट्टा फिरून फिरून थांबला. "माह्या गोळ्या त्याच बॅगीत हायेत न वं," काकू म्हणाल्या. तेव्हा आमच्या पोटात गोळा आला.

बॅग न आल्यास काय करायचं, तर विमानतळाच्या बाहेर पडायच्या आधीच तिथल्या खिडकीवर तक्रार लिहून द्यायची. बाहेर पडल्यावर कोणी ऐकत नाही. त्यासाठी बॅग देताना मिळालेली छोटी चिकट चिठ्ठी लागते. ती फेकू नका. काकूंनी ती ब्लाउजमध्ये पैशाच्या पाकिटात ठेवली होती म्हणून आमचं काम झालं. बॅगेवर नाव-पत्ता आम्ही लिहिला होता, पण पवनारचा. फोनही घरचा. तिथे काय उपयोग? पहिल्या मुक्कामाच्या हॉटेलचा पत्ता आणि सोबतच्या दोघींचे नंबर लिहायला हवे होते.

रात्र गेली. सकाळी अनुराधपूरला निघायचं होतं. काकू म्हणाल्या, मी बरी आहे. बाई कधी वेगळं सांगते का? दोन दिवसांच्या गोळ्या चुकल्या, वर प्रवास, वर गोड चहा. दुसऱ्या दिवशी दुपारी अनुराधपूरला गाडीतून उतरल्या आणि डोळ्यापुढे अंधारी आली. आम्ही त्यांना तिथेच झाडाखाली बसवलं. तोंड कोरडं, हात थरथरत होते. चालकाने एका छोट्या दवाखान्यात नेलं. वरचं बीपी १९० भरलं, साखर ३०० च्या पुढे. डॉक्टर बाई भल्या होत्या. त्यांनी विचारलं, कोणती गोळी, किती ताकदीची? काकू म्हणाल्या, "एक पांढरी लांबट, एक गुलाबी बारकी." नऊ जणींना मिळून यापेक्षा जास्त काही सांगता येईना. पाच वर्षं आम्ही हप्त्याचा हिशेब पैशापैशाने ठेवला, आणि शेजारी बसणारी बाई रोज काय गिळते ते आम्हाला माहीत नव्हतं.

मग पवनारला फोन. सून शेतात. शेजारणीने शेतात जाऊन तिला आणलं, सुनेने सेवाग्रामच्या दवाखान्याची फाइल शोधली, फोटो पाठवला. या सगळ्यात तीन तास गेले. फोटोत औषधाची मूळ नावं होती, मेटफॉर्मिन आणि अॅम्लोडिपिन, किती मिलिग्रॅम तेही. डॉक्टर बाईंनी लगेच ओळखलं. कंपनीने दिलेलं नाव दुसऱ्या देशात सहसा कोणी ओळखत नाही. पाकिटावरचं मूळ नाव बहुतेक सगळीकडे एकच असतं. गोळ्या मिळाल्या. त्या रात्री आम्ही आळीपाळीने काकूंजवळ जागलो. पापड तसेच पडून होते, एकही मोडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंना बरं वाटलं. डॉक्टर बाईंनी परत तपासून हो म्हटलं. काकूंची पांढरी साडी हरवलेल्या बॅगेत. आमच्यातल्या एका तेलीपुऱ्यातल्या ताईंनी आपली पांढरी साडी, जी त्यांनी कधीतरी कुणाच्या तरी तेराव्याला घेतली होती आणि नुसती सोबत टाकली होती, ती काढून दिली. काकू बोधिवृक्षाजवळ गेल्या. सोन्याचा कठडा आहे, लांबूनच पाहायचं. खूप वेळ उभ्या राहिल्या. मग खाली बसून आम्हाला त्यांच्या आईची गोष्ट सांगितली. १९५६ च्या ऑक्टोबरात, १४ तारखेला, नागपूरला बाबासाहेबांच्या हातून दीक्षा घ्यायला आई पवनारवरून गेली होती. पांढरं लुगडं, भाकरीचं गाठोडं, आणि काही नाही. "माय एका लुगड्यावर गेली आन् आली. मी बॅग भरून निघाली, आन् आली दुसऱ्याच्याच लुगड्यावर," असं म्हणून काकू हसल्या. आम्हाला काही हसू आलं नाही.

बाबासाहेब स्वतः १९५० साली श्रीलंकेला बौद्ध परिषदेसाठी गेले होते, हे आम्हाला तिथे गेल्यावर चालकाने सांगितलं. आपल्याला त्याने सांगावं लागलं, याची जरा लाजच वाटली.

काकूंची बॅग तिसऱ्या दिवशी रात्री डंबुल्लाच्या हॉटेलवर आली. उघडली तर वर गोळ्यांचा डबा.

तेव्हापासून आमच्या गटात औषधाचं असं ठरलंय. डॉक्टरांची चिठ्ठी मूळ नावासकट, तिची झेरॉक्स, आणि फोटो सोबतच्या दोघींच्या फोनमध्ये. गोळ्या प्रवासाच्या दिवसांपेक्षा आठवडाभराच्या जास्त, दोन भाग करून. एक भाग अंगावरच्या पिशवीत, जी झोपतानाही उशाशी राहील, आणि दुसरा बॅगेत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते खालच्या बॅगेत अजिबात टाकू नये, वर विमानाच्या पोटात गारठून खराब होऊ शकतं. याशिवाय सगळ्यांसाठी मिळून जलसंजीवनीच्या पुड्या, तापाची गोळी, घाटाच्या रस्त्यात उलटी होते त्याची गोळी, नायट्याचं मलम, पट्टी, आणि डासांचं मलम. श्रीलंकेने मलेरिया हद्दपार केला, २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने तसं जाहीर केलं. पण डेंग्यू आहे, आणि तो डास दिवसा चावतो.

दुसरी गोष्ट, जोडीने भरणं. ही युक्ती काकूंचीच. दोघींची जोडी करायची, आणि आपल्या कपड्यांतला एक जोड दुसरीच्या बॅगेत ठेवायचा, तिचा आपल्या बॅगेत. मग एक बॅग हरवली तरी कोणी उघडं पडत नाही. सगळ्या बॅगांना एकाच जुन्या साडीच्या काठाच्या पट्ट्या बांधायच्या. पट्ट्यावर लांबूनच ओळखू येतात.

कागदांचं थोडक्यात. पासपोर्टची मुदत तिथे पोचण्याच्या तारखेपुढे सहा महिने तरी हवी. व्हिसाची परवानगी आधीच ऑनलाइन काढून ठेवा, नियम आणि फी बदलते म्हणून निघताना नव्याने बघा. झेरॉक्स वेगळ्या पिशवीत. आपले रुपये देशाबाहेर नेताना एका माणसाला २५,००० ची मर्यादा आहे. आम्ही गेलो तेव्हा आपल्या एका रुपयाला त्यांचे तीनाच्या वर मिळत होते, त्यामुळे हजाराची नोट दिसली की पहिले दोन दिवस छातीत धडधडायचं. प्रवासाचा विमाही काढा. डॉक्टरांचं बिल थोडंच होतं, पण भरती व्हावं लागलं असतं तर पाच वर्षांची पेटी एका रात्रीत रिकामी झाली असती. मोबाइलसाठी चौकोनी तीन पायांची पिन लागते, जुन्या खोल्यांत आपली गोल पिनही बसते. एक पिन आणि एक एक्स्टेंशन बोर्ड नेला, नऊ फोन भागले. घड्याळ बदलायचं नाही, वेळ आपलीच आहे.

बॅग किती मोठी? आमच्या गल्लीतल्या आजी निघताना पाहायला आल्या होत्या. बॅगांचा ढीग पाहून म्हणाल्या, "काऊन वो, विनोबा इथून पायी निघाले ते तेरा वर्षं चालले, त्यांच्यापाशी किती बॅगा होत्या?" १९५१ ची गोष्ट आजींनी लहानपणी पाहिलेली. तेव्हा आम्ही हसण्यावारी नेलं. मग मिहिंतलेला अशोकाचा मुलगा महेंद्र जिथे पोचला त्या डोंगराच्या १,८४० पायऱ्या चढताना, आणि कँडीहून नानुओयाच्या रेल्वेत बॅगा चढवताना, प्रत्येकीला आजी आठवल्या. आता आमची परीक्षा अशी, की भरलेली बॅग एकटीने उचलून घराच्या गच्चीवर न्यायची. मधे खाली ठेवली तर काहीतरी काढायचं. मिहिंतलेला आणि डंबुल्लाला माकडं आहेत, हातात प्लास्टिकची पिशवी दिसली की ओढतात. पायऱ्या चढताना पाण्याची बाटली आणि गोळ्या, बाकी सगळं गाडीत.

येताना बॅगेत जागा ठेवा, चहा आणि दालचिनी घ्यायला. समुद्रकाठचे पोवळ्याचे तुकडे, मोठे शंख उचलून आणू नका, कायद्याने अडकाल. रोपं, बियाही नाही. आमच्या एका ताईला चहाचं रोप पवनारला लावायचं होतं, तिला समजावता समजावता पुरेवाट झाली.

आणि हो, पापड. ते शेवटी त्या डॉक्टर बाईंना जाऊन मिळाले. कोलंबोला परतताना चालकाने आपल्या ओळखीच्या माणसाकडे दिले, त्याने पोचवले. भाजायचे की तळायचे, हे त्यांनी फोनवर विचारलं.

पुढच्या महिन्यात शेजारच्या गावचा गट रामेश्वरमला निघतो आहे. बेटच ते, हवा तीच. त्यांना आमच्याकडची चाकांची दोन बॅगा आणि तो काटा दिला आहे. ज्यांना हवं त्यांनी मंगळवारी गटाच्या बैठकीला या, नोंदवहीत सही करून घेऊन जा. काटा मात्र वेचणीच्या आधी परत पाहिजे. नमस्कार.